चिखलाचे उस्ताद, बर्फाचे विद्यार्थी

डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्लॅन शिजायला लागतो. मनाली, सिस्सू, जमलंच तर स्पिती. कुणाच्या घरी नवी थार आलेली असते, कुणाच्या मामाची स्कॉर्पिओ-एन असते. नांदेडहून मनाली जवळपास २,००० किलोमीटर. चौघांनी आळीपाळीने चालवायची, डिझेलचा खर्च वाटून घ्यायचा. घरून कुणी म्हणालंच, की तिकडं बर्फ असतो, जपून जा रे, तर उत्तर तयार असतं : "अहो पप्पा, फोर बाय फोर आहे. डिफ लॉक पण आहे. टेन्शन घेऊ नका."

आज त्या उत्तराबद्दल बोलायचंय. जाऊ नका, असं आम्ही सांगणार नाही. जरूर जा. लातूर-नांदेडच्या पोरांनी बर्फ बघायचा नाही तर कुणी बघायचा? आपल्याकडं आभाळातून पांढरं काही पडतं ते गारांच्या रूपात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने हातचा हरभरा, गहू, द्राक्षं झोडपून काढली, ते आपण विसरलेलो नाही. त्यामुळे ज्या बर्फाने पोटावर पाय येत नाही, तो बघायची ओढ असणं साहजिक आहे. पण 'लॉक आहे, टेन्शन नाही' हा हिशेब आपण चिखलात शिकलोय. बर्फात तो अर्धाच लागू पडतो, आणि उरलेल्या अर्ध्यात रस्त्याच्या कडेला दरी असते.

सुरुवात आपल्या रानापासून

डिफ लॉक म्हणजे काय, हे शहरातल्या पोरांना यूट्यूबवर शिकावं लागतं. आपल्यातल्या अनेकांना ते ट्रॅक्टरवरच कळलेलं असतं. परतीच्या पावसात काळ्या रानातून सोयाबीनची पोती काढायची असतात, किंवा उसाची भरलेली ट्रॉली पांदीतून ओढायची असते. एक चाक रुततं आणि जागच्या जागी गरगर फिरायला लागतं. दुसरं चाक कोरड्या जागेवर असूनही नुसतं उभं. असं का होतं?

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकमेकांना पक्की जखडली तर वळणावर एक तरी घासत जाणार. म्हणून मध्ये डिफरन्शिअल बसवलेलं असतं. ते दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण त्याची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो जोर किती हे सगळ्यात कमी पकड असलेलं चाक ठरवतं. एक चाक चिखलात नुसतं फिरत असेल, तर दुसऱ्याच्या वाट्यालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच जोर येत नाही.

मग ट्रॅक्टरवाला डिफ लॉकचं पेडल दाबतो. दोन्ही चाकं एक होतात, कोरड्यावरचं चाक जमीन पकडतं आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. त्याच वेळी बांधावरून बाप किंवा चुलता ओरडत असतो : "चाक जोरात फिरतंय तवर दाबू नको! बाहेर निघाला की सोड! वळवताना तर हातच लावू नको!" या तीन सूचना लक्षात ठेवा. डिफ लॉकचं निम्मं शास्त्र त्यात आलं.

दुसरी एक युक्तीही आपल्याला माहीत आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. जे चाक फुकट फिरतंय त्याचाच ब्रेक हलका दाबला, की जोर दुसऱ्या चाकाकडं वळतो. आजच्या महागड्या गाड्यांमध्ये 'ब्रेक लॉकिंग डिफरन्शिअल' म्हणून जे मिरवलं जातं, ते मुळात हेच. फरक एवढाच, की तिथं पायाऐवजी कॉम्प्युटर ब्रेक दाबतो.

लॉक कुणाच्या हातात आहे?

आता गाड्यांकडं वळू. 'डिफ लॉक' या एकाच शब्दाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. आपल्याकडं त्यातली कोणती आहे, हे गाडी घेऊन वर्ष झालं तरी अनेकांना सांगता येत नाही.

पहिला प्रकार हाताने लावायच्या लॉकचा. फोर्स गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला असे लॉक येतात. चालकाने लावलं तर लागतं, काढलं तर निघतं. ट्रॅक्टरसारखंच, निर्णय तुमचा.

दुसरा प्रकार आपोआप लागणाऱ्या मेकॅनिकल लॉकचा. थार आणि स्कॉर्पिओ-एनच्या काही मॉडेलमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला तो असतो. त्याला बटण नसतं. मागच्या दोन चाकांच्या वेगात ठराविक फरक पडला, मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा, की आतली यंत्रणा झटक्यात दोन्ही चाकं जखडते. हे कमी वेगातच घडतं. गाडी वेगात असेल तर ते लागत नाही. चिखलात ही सोय म्हणजे वरदान. तुम्ही काहीच करायचं नाही, एक 'टक्' ऐकू येतं आणि गाडी निघते. पण इथं निर्णय तुमचा नाही, हे ध्यानात ठेवा. लॉक कधी लागणार हे चाकं ठरवतात. तुम्ही वळणावर असा, चढावर असा, की दरीच्या काठावर असा, त्याला काही देणंघेणं नाही.

तिसरा प्रकार वर सांगितलेला ब्रेकवाला. थारमध्ये तोही आहे आणि मारुती जिम्नीमध्ये त्याच तत्त्वावरची यंत्रणा आहे. तो चाकं जखडत नाही, फक्त फिरणाऱ्या चाकाला आवरतो.

यात आणखी एक गोंधळ आहे. जानेवारी २०२३ पासून थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. बाहेरून बघणाऱ्याला फरक पटकन कळत नाही. उलट बोलेरो निओच्या एका मॉडेलला मागे आपोआप लागणारं लॉक आहे, पण ती फोर बाय फोर नाही. म्हणजे 'थार आहे' म्हणून फोर बाय फोर असेलच असं नाही, आणि 'लॉक आहे' म्हणून चारही चाकं ओढतील असंही नाही. निघण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ते अजून कोरं पडलेलं असेल.

चिखल धरतो, बर्फ सोडतो

चिखलात रुतलेली गाडी कुठं जाते? कुठंच नाही. चाकं खाली गेलेली असतात, दोन्ही बाजूंना चिखलाची भिंत असते. फार तर तासभर मनस्ताप, चार माणसांचा धक्का, शेजारच्याचा ट्रॅक्टर. काळी माती गाडीला धरून ठेवते. म्हणून तिथं लॉक लावून दोन्ही चाकं बेफाम फिरवली तरी गाडी बाजूला पळत नाही.

दबून कडक झालेल्या बर्फावर बाजूने धरणारं काहीच नसतं. शिवाय डोंगरातला रस्ता क्वचितच सपाट असतो. पाणी निथळावं म्हणून तो एका अंगाला उतरता असतो, कधी डोंगराकडं, कधी दरीकडं.

आता मुद्द्याची गोष्ट. टायरची पकड म्हणजे एकच शिदोरी आहे. ती पुढे ओढायला वापरा, थांबायला वापरा, की बाजूला घसरू नये म्हणून वापरा. चाक एकदा जागच्या जागी फिरायला लागलं की ती शिदोरी संपते. मग ते चाक ना पुढे ओढतं, ना बाजूने धरतं.

लॉक नसलेल्या अ‍ॅक्सलवर एक चाक फिरत असतं, तेव्हा दुसरं शांत उभं असतं. ते गाडी पुढे नेत नसलं, तरी गाडीची मागची बाजू जागेवर धरून ठेवतं. तुम्ही अडकता, पण घसरत नाही. लॉक लागलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. पकड पुरेशी असेल तर गाडी निघते, यात शंका नाही. पण पकड पुरेशी नसेल आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेला असेल, तर दोन्ही चाकं एकदमच सुटतात. मागचा भाग धरायला कुणीच उरत नाही. रस्त्याचा उतार ज्या बाजूला, त्या बाजूला गाडीची शेपटी सरकायला लागते. आपोआप लागणाऱ्या लॉकचा खरा धोका तो हाच : जिथं साधी गाडी नुसती अडकली असती, तिथं ही आडवी होऊ शकते.

वळणावर दुसरी गंमत होते. मागची दोन्ही चाकं जखडलेली असली, की गाडीला सरळच जायचं असतं. पुढची चाकं वळवली तरी निसरड्यावर ती घासत सरळ जातात. हेअरपिन वळणावर सरळ जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको. बांधावरून "वळवताना हात लावू नको" असं ओरडणाऱ्या चुलत्याला हे नेमकं माहीत होतं.

थांबताना सगळ्या गाड्या सारख्या

चारही चाकं ओढतात म्हणून बर्फात गाडी सहज निघते. आणि तिथंच फसगत होते. गाडी इतकी छान निघते, की रस्ता निसरडा आहे हे जाणवतच नाही. ते जाणवतं ब्रेक दाबल्यावर. ब्रेक तर अल्टोलाही चार चाकांना असतात आणि थारलाही. थांबवायच्या कामात डिफ लॉकचा काडीचा उपयोग नाही. शिवाय थार वजनाने जड.

थोडं गणित करू. ४० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या बर्फावर त्याच वेगात ३० मीटर लागतात. पाणी गोठून काचेसारखा थर झाला असेल तर ६० मीटरच्याही पुढे. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. आता वेग निम्मा करा. २० किलोमीटरला बर्फावरही गाडी ८ मीटरच्या आसपास थांबते. म्हणजे बर्फात तुम्हाला वाचवणारी यंत्रणा तुमच्या उजव्या पायात आहे. ती गाडीसोबत विकत मिळत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर अलीकडच्या बातम्या आठवा. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगपलीकडचा लाहौल हिवाळ्यातही हौशी चालकांच्या टप्प्यात आला. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून उंचावरचा हा रस्ता. २३ डिसेंबर २०२४ ला बर्फ सुरू झाला आणि सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे १,००० गाड्या अडकल्या. पोलिसांनी शेकडो पर्यटकांना बाहेर काढलं. त्या दिवसांत गाड्या उतारावर आपोआप घसरत जातानाचे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, ट्रॅफिक टाळायला एकाने थार थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. व्हिडिओ गाजला, पोलिसांनी दंड केला. गाडी निघाली म्हणून ती रील झाली. नसती निघाली तर बातमी झाली असती.

सगळ्यात वाईट घटना आपल्या शेजारची. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून जास्त माणसं दगावली. अनेकांचा जीव गाडीत साचलेल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचं पुढे आलं. सायलेन्सर बर्फाखाली गाडला गेला आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, की तो वायू आत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गाडी अडकली तर आधी उतरून सायलेन्सर मोकळा करा, काच थोडी उघडी ठेवा, आणि इंजिन अधूनमधून बंद करा.

मग करायचं काय?

निघताना पाय हलका ठेवा. बर्फावर फोर-हायमध्ये टाका आणि पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडून बघा. चाकाला जोर कमी मिळतो, ते फिरत नाही, आणि चाक फिरलंच नाही तर आपोआप लागणारं लॉक लागायची वेळही येत नाही. 'टक्' असा आवाज आला तर समजा, पाय जास्त पडला. तसंच पुढे रेटू नका. पाय उचला, स्टिअरिंग सरळ ठेवा, लॉक सुटू द्या.

शेपटी सरकायला लागली तर दाबून ब्रेक मारायचा मोह होतो. तो आवरा. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जायचंय त्या दिशेला बघा आणि तिकडंच स्टिअरिंग अलगद वळवा. उतारावर खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर सावकाश उतरा. समोरच्या गाडीपासून आपल्या हायवेवर ठेवता त्याच्या तिप्पट अंतर ठेवा.

टायरकडं बघा. चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे टायर दिसायला दणकट असतात, पण थंडीत त्यांचं रबर कडक होतं आणि बर्फावर ते निसटतात. खऱ्या बर्फाच्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं. ते नसेल तर चाकांना लावायच्या साखळ्या बरोबर घ्या, आणि त्या घरी अंगणात दोनदा लावून-काढून बघा. शून्याखालच्या थंडीत, अंधारात, बधिर बोटांनी पहिल्यांदा लावायला जाल तर जमणार नाही. रेडिएटरमध्ये आपल्याकडं नळाचं पाणी भरायची सवय आहे. ते तिकडं गोठतं आणि इंजिन फोडतं. कूलंट भरून घ्या. आणि पोलीस बॅरिकेडवर थांबवून "पुढे जाऊ नका" म्हणाले, तर हुज्जत घालू नका. तो रस्ता ते रोज बघतात.

आणखी एक पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली गाठा, पुढे बसने मनाली, आणि बर्फाच्या पट्ट्यात स्थानिक चालकाची गाडी घ्या. त्याच्या शेजारी बसून तो कुठं पाय उचलतो, कुठं गिअर बदलतो, हे बघा. ज्याचं बालपण बर्फात गेलं त्याच्याकडून दोन दिवसांत जे कळेल, ते शंभर रील बघून कळणार नाही.

हे शिकवणार कोण?

दोष सगळा पोरांचा नाही, हेही सांगायला हवं. १५-२० लाखांची गाडी विकताना शोरूममध्ये हार घातला जातो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. लॉक कोणत्या प्रकारचं आहे आणि ते कधी घातक ठरतं, हे समजावायला तिथं कितीजण दहा मिनिटं देतात? लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवला की झालं. घसरणारी गाडी सावरायची कशी, हे तिथं कुणी विचारत नाही. मग पोरं शिकतात ती रीलमधून, आणि रीलमध्ये फक्त निघालेल्या गाड्या दिसतात.

फोर बाय फोर विकणाऱ्या प्रत्येक डीलरने गाडी ताब्यात देताना तासभर मोकळ्या रानात नेऊन प्रात्यक्षिक दाखवावं, अशी आमची मागणी आहे. लातूर-नांदेडात चिखलाच्या रानाला तोटा नाही. आयटीआयचा मोटर मेकॅनिक विभाग किंवा नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणच्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी कापलेलं डिफरन्शिअल टेबलावर मांडून लोकांना आतलं दाखवलं, तर अर्ध्या गावाला गाडी कळेल. आणि गॅरेजवाल्या दोस्तांना एक विनंती. बाहेरून आणलेलं ऑटोमॅटिक लॉक कुणाच्या गाडीत बसवून देत असाल, तर 'आता कुठंही जा' म्हणू नका. 'वळताना पाय हलका ठेव' हेही सांगा.

आणि तुम्ही? यंदाचा प्लॅन ठरलाच असेल, तर निघण्याआधी एक संध्याकाळ रानात घालवा. गाडी ओल्या जागेवर न्या आणि लॉक लागताना गाडी कशी वागते, ते हाताला, पायाला, कानाला कळू द्या. ज्या चुलत्याने ट्रॅक्टर शिकवला, त्यालाच शेजारी बसवा. त्याने बर्फ कधी बघितला नसेल, पण पाय कधी उचलायचा हे त्याला चांगलं ठाऊक आहे.